जखमीने रेघेत राहावे

घरात गोळी सुटली की घर हे घर राहत नाही, घटनास्थळ होते. आणि घटनास्थळाची मोठी अडचण अशी, की त्यात माणसे असतात आणि ती हलतात.

हवालदाराला हे चांगलेच ठाऊक होते. बाहेरच्या खोलीत घरमालक मांडीत गोळी घेऊन फरशीवर पडला होता. गोळी झाडणारा त्याचा धाकटा भाऊ केव्हाच पसार झाला होता (त्यामुळे त्याच्याकडून पुराव्याला धक्का लागण्याची भीती उरली नव्हती). हवालदाराने दाराला पट्टी बांधली, खिशातून खडू काढला आणि मालकाभोवती सुबक रेघ ओढली.

"आता रेघेबाहेर जायचं नाही," त्याने बजावले.

मालकाने कळवळून पाय आखडला. हवालदाराने रेघ पुसून पुन्हा ओढली. चौथ्या खेपेला त्याला रागच आला, पण तो गिळून त्याने रेघ ओढली. जखमी होण्याचा सराव कोणाला असतो?

पट्टीपलीकडे मालकाची बायको पाण्याचा पेला घेऊन उभी होती.

"हवालदारसाहेब, हे पाणी मागतायत हो! रक्त थांबत नाहीये. निदान फडका तरी बांधू द्या!"

"ताई, फडका बांधला तर रक्त कुठवर गेलं असतं, ते साहेबांना कळणार कसं?"

मुद्दा बिनतोड होता. रुग्णवाहिकेची माणसे फाटकाशी ताटकळत होती, कारण बुटांवर चढवायच्या पिशव्या आल्या नव्हत्या. साहेबांच्या बुटांना पिशव्या लागत नाहीत (हुद्दा वाढला की तळवे आपोआप स्वच्छ होतात). साहेब आले, फोटोवाला आला, आणि आजवर घटनास्थळ पाहायचा योग न आलेला साहेबांचा मेहुणाही आला. साहेबांनी स्वयंपाकघरात चहा करवून घेतला. उष्टा कप पुराव्यात जमा झाला.

"अहो, यांचा आवाज का येत नाही?" बायकोने विचारले.

हवालदाराने वाकून पाहिले. हात रेघेत, पाय रेघेत.

"साहेब, स्थळ आता पूर्ण सुरक्षित आहे!"

बायको मटकन खाली बसली. पेला कलंडला. पाणी पट्टीखालून आत शिरू लागले, ते हवालदाराने वेळीच बुटाने अडवले.

निघताना साहेबांनी खिडकीशी जमलेल्या शेजाऱ्यांचे आभार मानले, कारण एकजणही मध्ये पडला नव्हता. आभार तुमचेही मानायला हवेत. तो पाणी मागत होता, चौथ्यांदा रेघ ओढली जात होती, आणि तुम्ही हसू दाबत पुढे वाचत राहिलात.