शिर्केकाकांची वात

आमच्या सोसायटीतले शिर्केकाका वात पेटवतात आणि पळतात. आता वात पेटवून पळण्यात गैर काहीच नाही, शहाणी माणसं तेच करतात. पण शिर्केकाकांच्या वातीच्या दुसऱ्या टोकाला काही नसतंच. ना बाँब, ना चक्री, ना साधी लवंगी. पार्किंगच्या फरशीवर एक काळी दोरी ठेवायची, शेजारी पाण्याची बादली, दोरीला उदबत्ती लावायची आणि लेंगा वर धरून जिन्याकडे सुटायचं. दोरी आपली सुरसुरत टोकापर्यंत जाते आणि विझते. थोड्या वेळाने तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काकांचा आवाज येतो, "फेल."

आता यात पास होण्यासारखं काय होतं, ते तुम्हीच सांगा. मी तर वर्षभर डोकं खाजवलं.

काका बडोद्यातल्या आमच्या हरणीच्या सोसायटीत माझ्याही आधीपासून राहतात. जुन्या चार मजली इमारती, लिफ्ट नाही. मी पहिल्या मजल्यावर, ते तिसऱ्यावर. नोकरी होती कुठल्याशा कारखान्याच्या भांडारात, पण विचाराल तर ते नोकरीचं नाव काढत नाहीत. ते सांगतात पणजोबांचं. पणजोबा संस्थानच्या दारूखान्यात होते. म्हणजे शोभेची दारू. गुजरातेत राहून हा खुलासा आधी करावा लागतो. दसऱ्याला, राजघराण्यातल्या लग्नकार्याला आभाळात जे काही उडायचं, त्याची वात म्हणे शिर्क्यांची. पुढे राज्यं गेली, दारूखाना गेला, वात तेवढी घरात राहिली. काका दिवाळीला लहरीपुऱ्याकडच्या बाजारातून एक मोठी कोठी आणतात. कोठी म्हणजे आपला भुईनळा, पण इतक्या पिढ्या बडोद्यात काढल्यावर आमच्या तोंडी कोठीच येतं. कोठी दुकानाची, वात घरची. ती कशी करतात ते विचारलं तर ते छताकडे बघतात. बरंच आहे. एका सोसायटीला एक शिर्के पुरे.

आणि घराण्याचा एक नियम, जो त्यांनी मला येताजाता ऐकवलाय: ज्याची वात, त्याची काडी. वात ज्याने केली त्यानेच ती लावायची. चुकली तर ज्याचा हात चुकला त्याचाच भाजावा, दुसऱ्याचा नाही. नियम मला पटतो. काका पटत नाहीत.

काकांना जगात एकच रोग ठाऊक आहे, सादळणं. पापड सादळतो हे आपल्याला मान्य असतं. पण काकांच्या मते माणसंही सादळतात. जावई नोकऱ्या बदलतो, सादळलाय. सेक्रेटरी पटेलभाई मीटिंग पुढे ढकलतात, सादळलेत. एकदा मला तीन दिवस ताप होता, तर दारात उभे राहून म्हणाले, "वैद्यबेन, ऊन खा. सादळलात तुम्ही." म्हणाले आणि खरंच मला ओढून उन्हात बसवलं. ताप उतरला, हा भाग वेगळा.

तर ही बिनफटाक्याची दोरी सुरू झाली गेल्या दिवाळीनंतर लगेच. उन्हाळ्यापर्यंत बरेचदा "पास" ऐकू यायचं. पास झालेल्या वातीच्या जोडीला केलेल्या बाकीच्या वाती ते तांदळाच्या डब्यात ठेवायचे, कोरड्या राहाव्यात म्हणून. काकूंना एकदा वरणभातात दोरा सापडला, पण त्या काही बोलल्या नाहीत. सुमनकाकू मुळात बोलतातच कमी. दम्यामुळे वाक्यं जपून वापरतात. जिन्याची चढउतार त्यांना झेपत नाही, त्यामुळे दिवाळीही त्या गॅलरीची काच लावून आतूनच बघतात.

पाऊस संपला आणि सगळं बिनसलं. डब्यातल्या त्याच जोडीच्या वाती एकामागून एक नापास व्हायला लागल्या. काका हादरले. दिवाळी तोंडावर, आणि घराण्याची वात दगा देते म्हणजे काय? एका संध्याकाळी ते माझ्या दारात.

"वैद्यबेन, तुम्ही शिकवता ते हवेचं बघा जरा."

मी शाळेत भूगोल शिकवते. आठवीच्या मुलांना मोसमी वारे सांगणं वेगळं आणि शिर्केकाकांची दोरी वेगळी, हे मी त्यांना परोपरीने सांगितलं. पण त्यांचं म्हणणं, हवामान तुमच्याच पुस्तकात आहे, मग जबाबदारी तुमची. मग रोज हजेरी. आधी संशय दोऱ्यावर, मग खळीवर, मग तांदळावर, कारण यंदा तांदूळ नवा होता. मग हरणीच्या हवेवर. आणि शेवटी विमानांवर. विमानतळ जवळ, विमानं खालून जातात, त्याने हवा हलते आणि वात भरभर जळते, असा शोध. मी म्हटलं, काका, विमान गेल्याने माझा गॅसही भरभर जळत नाही. त्यावर ते म्हणाले, गॅसला वात कुठे असते?

माझा गोंधळ वेगळाच होता. मी खिडकीतून बघायचे. वात सुरेख जळायची. न थांबता, न तडतडता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सादळलेली वात मध्येच विझते, एवढं मलाही कळतं. ही कुठे विझत होती? तरी वरून आपलं "फेल". वॉचमन भीखाभाईंना विचारलं तर ते म्हणाले, बेन, हुं तो पाणीनी डोल लईने ऊभो रहुं छुं, बीजी खबर नथी. तेवढंच खरं. बादलीपलीकडे कोणालाच काही ठाऊक नव्हतं. पटेलभाईंनी मीटिंगमध्ये सरळ विचारलं, शिर्केसाहेब, आ शुं चाले छे? काकांनी एका शब्दात उत्तर दिलं, "टेस्टिंग." कशाचं, ते विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

कोजागिरी झाली. मी शाळेतून भाजी घेऊन येत होते. खाली काकांनी उदबत्ती लावली आणि माझ्या शेजारून जिन्यात घुसले. मी मागून. पहिल्या मजल्यापर्यंत बरे गेले. दुसऱ्याच्या वळणावर कठडा धरून थांबले, छाती वरखाली. मी हाक मारली तर हातानेच सांगितलं, बोलू नका. पुन्हा चढले. एक पाय वर ठेवायचा, दुसरा त्याच्याशेजारी आणायचा, लहान मुलं चढतात तसे. मी भाजी घेऊन त्यांच्यामागे तिसऱ्यावर गेले, माझा मजला ओलांडून. काका घरात शिरले, गॅलरीत गेले, खाली वाकून बघितलं. खाली दोरी केव्हाच विझली होती.

"फेल," काका म्हणाले, आणि पाणी प्यायला आत गेले.

मी काकूंजवळ बसले. हा काय प्रकार आहे म्हणून विचारलं. काकूंनी मान हलवली. त्यांनाही नीट कळलं नव्हतं. त्यांना वाटत होतं, आपल्यावर राग आहे. गेल्या दिवाळीला फराळ करताना त्या सहज बोलून गेल्या होत्या, की लग्न झाल्यापासून तुमची कोठी बघते, पण एकटीच. तुम्ही आपले खाली. काका दुसऱ्याच दिवशी दोऱ्याचं रीळ घेऊन बसले.

"मी काही टोमणा मारला नव्हता गं," काकू म्हणाल्या. "तोंडातून गेलं."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. खाली पेटवायचं, जिना चढायचा, काकूंशेजारी उभं राहायचं, आणि मग कोठी लागायला हवी. तेवढं हळू जळणारी वात त्यांना हवी होती. उन्हाळ्यात ते वेळेवर पोचायचे, तेव्हा वात पास. पावसाळ्यात गुडघे गेले आणि वात नापास झाली. भला माणूस तांदूळ बदलत होता, विमानांना शिव्या घालत होता, आणि बिघाड जिन्यात होता.

पण हे त्यांना सांगायचं कसं? मी आठवडाभर टाळलं. लांब वात करा की, एवढंच एकदा सुचवून बघितलं. तर म्हणे यापेक्षा लांब केली की ती मध्येच मरते, पणजोबांनाही तेवढीच जमायची. दुसऱ्या कोणाला पेटवायला सांगा, हे मी बोललेच नाही. घराण्याच्या नियमाला हात कोण लावणार?

धनत्रयोदशीला काकांनी पुन्हा टेस्ट घेतली. यंदाची शेवटची. मी मुद्दाम जिन्यात थांबले. ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आले आणि चक्क पायरीवर बसले. तिथल्या जाळीतून खालचं पार्किंग दिसतं. वात जळत होती, एकसारखी, अगदी शांतपणे. आम्ही दोघांनी ती शेवटपर्यंत बघितली. त्यांनी अशी बसून बहुधा कधीच बघितली नव्हती, कायम तिच्याकडे पाठ करून पळत होते ना.

"वात चांगली आहे हो," ते म्हणाले. मग दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "हे सादळलेत."

मला फार वाईट वाटलं. ऊन खा, म्हणायचा माझा धीर झाला नाही.

लक्ष्मीपूजनाला दिवेलागणीच्या वेळी दाराची घंटा वाजली. काका उभे. नवा सदरा, हातात पेटलेली उदबत्ती. ती माझ्यापुढे धरली आणि दुसरीकडे बघत म्हणाले, "काडी तुमची. खाली सगळं मांडून ठेवलंय. मी वर पोचलो की हात करतो. लावा आणि लांब उभ्या राहा. विझल्यासारखी वाटली तरी जवळ जायचं नाही."

पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम, माझ्यासारख्या भूगोलवालीच्या हातात. मी उदबत्ती घेतली. काका कठडा धरून सावकाश वर गेले. या खेपेला घाई नव्हती.

खाली सगळी सोसायटी जमली होती. गॅलरीच्या काचेआड दोघं दिसली, काकांनी हात केला. मी वात लावली आणि पळाले. आणि मग काहीच होईना. वात आपली सुरसुरत चाललेली. तिला काय ठाऊक, यंदा कोणी जिना चढत नाहीये म्हणून. पटेलभाई म्हणाले, गई लागे छे. भीखाभाईंनी बादली उचलली. मी सगळ्यांना दटावून मागे लोटलं. वर बघितलं, तर ती दोघं काचेला चिकटून खाली बघत उभी. माझाच जीव टांगणीला लागला. चुकली तर शिर्क्यांचं नाव माझ्या हातून जायचं.

मग कोठी लागली. काय सांगू, पहिल्या मजल्याच्या वर गेलं ठिणग्यांचं झाड. सगळं पार्किंग पांढरंशुभ्र झालं. लोक ओरडले. आणि वर काचेआड सुमनकाकू दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होत्या.

मी फराळाचं ताट घेऊन वर गेले. काकूंचा चेहरा नुसता फुलला होता. काका मात्र खुर्चीत विचारात बसलेले. मी म्हटलं, कशी दिसली वरून? ते म्हणाले, छान. मग म्हणाले, "पुढच्या वर्षी पण काडी तुमचीच हां, वैद्यबेन. मी वात जरा आणखी हळू चालेल अशी करतो."

मी पुन्हा गोंधळले. म्हटलं, काका, आता तर तुम्ही आधीच वर असणार, मग हळू कशाला?

काकू चकल्या आणायला आत गेल्या होत्या. काकांनी त्या दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"ती लागेपर्यंत हिने माझा हात घट्ट धरला होता," ते म्हणाले. "कोठी लागली, आणि टाळ्या वाजवायला सोडला."