पंगतीतला फुलबॅक

रविवारच्या मॅचला फुलबॅक कोण, हा प्रश्न अंबरीशला शुक्रवारपर्यंत सुटला नव्हता. लंडनमधल्या हॅरोच्या ज्या हौशी रग्बी लीग संघाचा तो कोच होता, त्यात तेराव्या जागेसाठी दोघे उरले होते: वैजयंतीबाईंचा मुलगा देव आणि बायकोचा भाचा वीर. फुलबॅक म्हणजे सगळ्यांच्या मागे एकटा उभा राहून आकाशातून येणारा बॉल झेलणारा गडी. देवचे हात भरवशाचे होते. वीर मात्र घरचा होता आणि संघात नातं आणायचं नाही, असं अंबरीशने तिथल्या मराठी मंडळाच्या सभेत छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

"वीरचं काय ठरवलंत?" सुप्रभाने चहा देताना विचारलं. आठवड्यात तिसऱ्यांदा.

"बघू."

"नीट बघा म्हणजे झालं."

अंबरीशने चहा घाईघाईने प्यायला आणि जीभ भाजून घेतली. भाच्याला घेतलं नाही तर घरात अबोला, घेतलं तर मंडळात बोभाटा.

माणसाचा कस मैदानावर कळत नाही, पंगत वाढताना कळतो, असा त्याचा जुना सिद्धान्त होता. दोन्हीकडून माणसं ओढतात, पायाखाली सतरंजीच्या घड्या, हातात कढत आमटी. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये मंडळाचं जेवण होतं. त्याने दोघांनाही वाढायला बोलावलं.

तो पोचेपर्यंत सुप्रभाने वीरच्या हातात मिठाची वाटी दिली होती.

"मीठ? अगं, मीठ वाढण्यात काय कस लागणार?"

"कस कशाला लागायला हवा? जेवण आहे ना?"

भाच्याला सोपं काम देऊन पास करायचा डाव अंबरीशने ताबडतोब ओळखला. त्याने मीठ स्वतःकडे घेतलं, वीरला आमटीची बादली दिली आणि देवला भाताची परात. सुप्रभाचा चेहरा उतरला. अंबरीशला मनातून बरं वाटलं.

देव झकास चालला होता. मधोमध निवृत्त सर्जन शशीकाका बसले होते. "बस बस" म्हणत त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. देव अदबीने मागे सरकला, सतरंजीच्या घडीत त्याची टाच अडकली आणि परात शशीकाकांच्या टकलाच्या दिशेने निघाली.

पलीकडच्या रांगेतून वीर दोन ताटांवरून उडी मारून आला. उजव्या हातात बादली तशीच, डाव्या हाताने परात छातीशी.

"काका, रिलॅक्स," तो त्याच्या लंडनी मराठीत म्हणाला. "आमटी सांडला नाही."

टाळ्या वाजवायला कुणाचाच उजवा हात मोकळा नव्हता. अख्ख्या पंगतीने डाव्या हाताने मांड्या थोपटल्या.

"अंबरीश, हा मुलगा संघात नाही?" शशीकाका म्हणाले. "नात्याला घाबरतोस की काय?"

"फेअर आहे, कोच," देव टाच चोळत म्हणाला. "मी सबस्टिट्यूट बसतो."

तत्त्वही राहिलं, घरही राहिलं. अंबरीश हवेत तरंगतच किचनमध्ये गेला.

"घेतलं हो तुझ्या वीरला."

सुप्रभाने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"अहो, मी मनीषावहिनीला शब्द दिलाय, तुमच्या मुलाचं एकही हाड मोडू देणार नाही म्हणून. आठवडाभर मी दुसरं काय सांगत होते?"

"तू कुठे काय सांगत होतीस?"

"सगळं तोंडाने सांगावं लागतं का?"

रविवारी ती बँडेज, बर्फ आणि हळद घेऊन मैदानाच्या कडेला उभी राहिली. पहिलाच बॉल उंच गेला. वीरने तो झेलला आणि दारासारखी रुंद तीन माणसं त्याच्यावर धावली. सुप्रभाने डोळे मिटले. अंबरीशने तिचा हात धरला.

तिने एक डोळा उघडला. वीर तिघांमधून निसटला होता.

"पळ रे," ती ओरडली. "डावीकडे कुणी नाहीये, मुडद्या, डावीकडे."

वीर डावीकडे वळला आणि बॉलसकट थेट गोलरेषेपलीकडे जाऊन पडला; संघाचे पहिले गुण. त्यानंतर तिने अंबरीशचा हात सोडला तो सोडलाच. हाफ टाइमला ती त्याच्याजवळ आली.

"तो उंच यतीन दमलाय. त्याला बसवा, देवला घ्या."

"अगं, तो कॅप्टन आहे."

"असू दे. गुडघ्यांवर हात ठेवून उभा आहे मघापासून."

अंबरीशने बघितलं. खरंच उभा होता.

"बसवतो," तो म्हणाला. "आणि उजव्या बाजूला कुणाला ठेवू, तेही सांग."