उखळातली शाळा

चिंचोके भाजले, उखळात कांडले, फोलं पाखडली, चार तोंडात टाकले, अन् तवा मले समजलं का हे चिंचोके नव्हते, दोन गावचे पोट्टे होते.

झालं असं का न्हानीतून काकाजीचा आवाज आला, "सूनबाई, सुपातले पोट्टे फडक्यात बांध वं. साहेब आज तंबूत पाहनार हाय."

मांडीवर लेकरू, दाढेखाली कोन जाने कोनाचा पोट्टा. थुकू का गिळू? गिळला. काकाजी आंघोळीले मोजून एकवीस लोटे घेत. नववा पडलेला अयकू आला.

आता हे काकाजी कोन, ते सांगाच लागन. मूळचे अमरावतीचे, अकोल्यात आमच्या ओसरीलगतच्या खोलीत राहात. सरकारनं गावोगावच्या शाळा पाहाले नवे तपासनीस नेमले होते, त्यायले शिकवाचं काम काकाजीकडं. चार मिशाळ बाप्ये रोज आमच्या अंगनात बसत अन् मोजनं शिकत. पयले कोंबड्या मोजल्या. एकानं माह्या लेकराले बी धरलं त्यात.

"मास्तर म्हनन सारे हजर हाय," काकाजी त्यायले सांगत, "तुमी पाटीले हात लावा. वली असन तं पोट्टा हाय, कोरडी असन तं निस्तं नाव हाय."

अंदाज म्हनलं का त्यायचं डोकं फिरे. "अंदाज म्हंजे फेटा बांधलेलं खोटं," म्हनत. एकदा मले इचारलं, आज घरी किती जन जेवले. मी म्हनलं, असतीन आठ-दहा. तं ताट सरकवून बसले. "आठ का दहा? दोघं उपाशी ठेवले तू, त्यायचं पयले सांग." मी भावाच्या पाटीवर विसापर्यंत शिकलेली, पुढं लगनच झालं. बोटं मोजून नऊ सांगतले तवा कुठं जेवले.

त्या साली कुठं दूरदेशी लढाई लागली होती म्हनत, अन् आमच्या कापसाले सोन्याचा भाव. पोट्टे शाळेत कावून बसतीन? वेचनीले जात. म्हून काकाजीनं चिंचोक्यायची युक्ती काढली. शाळेत बसला असन त्याचा अख्खा चिंचोका, नाव लिहून वावरात गेला असन त्याची निस्ती दाय, म्हंजे फुटका अर्धा चिंचोका. तपासनीसानं टाकत जाचं, मोजाचं नाई, मोजनं शाळाखात्याच्या साहेबासमोरच. मधात कोनी हात मारू नये म्हून.

वडगाव अन् बोरखेडी, दोनच गावं. मास्तर एकच उरला होता. ज्या गावचे अख्खे जास्त, त्याची शाळा राहीन, दुसरीले कुलूप.

काकाजीनं दोन गावचे दोन सुपं उन्हात ठेवले, कीड लागू नये म्हून. अन् जाऊबाई मले चिंचोके धाडतो म्हनली होती; मले वाटलं, हेच ते. अंगावर पाजनाऱ्या बाईची भूक, तिले धीर कुठला. दोन्ही सुपं एकाच तव्यात. कांडल्यावर सारेच फुटले. माह्या उखळात अख्खी शाळा कापूस वेचाले गेली.

पंधरावा लोटा. मी लेकरू काखोटीले मारून जाऊबाईकडं धावली, मडकं उपसलं, दोन ढीग केले. किती अख्खे, किती दाया? टाकले हाताले येतीन तसे. आता खोटं कावून बोलू, वडगाव माहं माहेर. हात आपसूकच तिकडं वाकडा झाला. एकविसावा लोटा पडला अन् मी गाठ मारली.

"शाबास," काकाजी फडके घेऊन म्हनले. मले घाम फुटला होता; त्यायले वाटलं, चुलीनं.

दिवस कलताना आले, ते धापा टाकतच. पागोटं बी न काढता चुलीजवळच्या पाटावर बसले. अशे कधी बसत नसत.

"चारी तपासनीस पास झाले, सूनबाई. साहेब म्हनला, अशे साफ ढीग म्या कुठं पाह्यले नाई. वडगाव राह्यलं. बोरखेडी बंद. उद्या सकाळच्या टपालाच्या टप्प्यानं हुकूम जाईन. बोरखेडीचं वाईट वाटलं वं. पन काय करता, ढिगानं सांगतलं."

मी भाकर हातावरच फिरवत राह्यली.

"अमरावतीले घराले कुलूप हाय," ते म्हनले. "तुही काकी गेल्यापासून काही चांगलं झालं का मी रस्त्यानं हळूहळू येतो. लवकर येऊन करू काय? आज मातर पाय उचलत आलो. घरी सांगाले कोनी असलं का पाय कसे उचलतात, इसरलोच होतो."

अन् आपनच हात पुढं करून लेकराले मांडीवर घेतलं, अन् त्याले बी साहेब काय म्हनला ते पयल्यापासून सांगाले लागले.

सांगावं तं साहेबासमोर ह्या मानसाची मान जाते, अन् चार जनायची नोकरी बी. न सांगावं तं बोरखेडीचे पोट्टे उद्यापासून वावरातच. अन् खरं कोनाचं सूप भारी होतं, ते मले आजबी ठाऊक नाई. टप्पा सुटाले एक रात मधी होती, अन् काकाजी हसून राहिले होते.

माह्या जागी तुमी असते तं काय केलं असतं, सांगा बरं?