पेन परत येईपर्यंत

“मागची खोली आज माझी झालीच म्हणून समज!” खटपट्यांनी सकाळीच बायकोला ठणकावलं. खटपटे हे टोपणनाव. घरातलं एकही घड्याळ त्यांनी उघडल्याशिवाय सोडलं नव्हतं.

पैज साधी होती. त्यांच्या यंत्राने बघण्यासारखं चित्र काढलं, तर मागच्या खोलीत त्यांचा कारखाना. नाही काढलं, तर तिथे तिचं शिवणयंत्र आणि ह्यांच्या वायरी माळ्यावर!

यंत्र म्हणजे दोन छोट्या मोटारी, दोन दातेरी चाकं, त्यांना जोडलेल्या पट्ट्या आणि पट्ट्यांच्या टोकाला काळं पेन. बटण दाबलं. पेन थरथरलं आणि चालू लागलं.

एक वळसा. त्याला खेटून दुसरा. बघता बघता कागदावर जाळी उमटली, जाळीत पाकळ्या, पाकळ्यांत आणखी पाकळ्या! एक रेघ वाकडी जाईल तर शपथ!

“अगंबाई!” शेंगा सोलणाऱ्या आईचे हात थांबले. “हे कोण काढतंय रे?”

“मोटार, आई!”

“मोटारीला एवढं कळतं?”

बायको तर गॅसवरचं दूध विसरून बघत होती. दूध उतू गेलं, तरी तिला पत्ता नाही.

“अहो, किती सुंदर!” तिला भरून आलं. “हरले मी. खोली तुमची. आता बंद करा ते.”

कुठल्याही शहाण्या माणसाने तिथेच बटण दाबलं असतं.

“थांब गं! निघालं त्या बिंदूवर पेन परत आलं, की चित्र पुरं. असं अर्धवट तोडू?”

पण चाक कापताना एक दात जास्त पडला होता. एका दाताने काय होतंय, म्हणून खटपट्यांनी ते तसंच बसवलं होतं. त्यामुळे पेन दर फेरीला किंचित बाजूला सरके आणि परत यायचं नावच घेईना.

“अहो, पुरे!”

“आलंच!”

“पाकळ्या बुजायला लागल्या!”

“आलंच गं!”

जेवणं उरकली. आईची झोपही झाली. खटपटे मात्र स्टुलावरून हलले नाहीत.

“आलं! केसाचाही फरक नाही!”

दोघी धावल्या. खरंच, पेन जिथून निघालं होतं, नेमकं तिथेच येऊन टेकलं होतं. खटपट्यांनी भारावून हात जोडले.

कागदावर एक काळाकुट्ट गोल होता.

आईने चष्मा पुसून पाहिलं. “छान हो. पण चित्र कुठंय?”

बायको बाहेरच्या खोलीत गेली आणि थोड्या वेळाने तिचा आवाज आला, “अहो, शिवणयंत्राला जरा हात लावता का? जड आहे हो!”