राजेशमअण्णांची मागची चाकं

पुतणीच्या लग्नात राजेशमअण्णा नवरदेवाच्या गाडीखाली सापडले. अपघात नव्हे, रेशमी धोतर सावरत ते आपणहून आत शिरले होते. वरात खोळंबली. खालून आवाज आला, "दोन मिनिटं! मागलं डावं चाक तिरकं बसतंय!"

भवानी पेठेत अण्णांचं गॅरेज आहे. ते माणसं चेहऱ्यानं नाही, मागच्या टायरनं ओळखतात. आमच्या प्राचार्यांना ते अजून 'ते आतून झिजलेले सर' म्हणतात.

मी कॉलेजात गणित शिकवते. चौतिसाव्या वर्षी मला ड्रॅग रेसिंगचं वेड लागलं. सरळ पट्टीवर दोन गाड्या एकदम सुटतात, आधी पोचेल तो जिंकला. माझ्या जुन्या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेंशन. एरवी खड्ड्यांतही मऊ चालायची. पण जोरात सोडली की मागून थडथड उड्या मारायची आणि आडवी व्हायची. सगळे म्हणाले, इंजिनाची ताकद वाढवा.

"ताकद लई हाय की मॅडम," अण्णा म्हणाले. "जमिनीला कुटं पोचतीय?"

सुटताना गाडी मागं दबते, चाकं आत कलतात आणि टायर नुसत्या कडेवर टेकतो, हे त्यांनी मला पोटावर झोपवून दाखवलं. मग सस्पेंशनच्या सांध्यांतले मऊ रबराचे बुश काढून कडक घातले, चाकांचा कल बदलला, टायरमधली हवा थोडी उतरवली. दर खेपेला गावाबाहेरच्या मोकळ्या पट्टीवर गाडी सोडायला लावायचे आणि मागं उमटलेले काळे पट्टे गुडघ्यांवर बसून बघायचे. तिसऱ्या महिन्यात दोन्ही पट्टे सारखे उमटले. अण्णांनी फोटो काढला. पट्ट्यांचा, माझा नाही.

शर्यतीत गाडी बाणासारखी सरळ गेली. सगळ्या फेऱ्या मिळून मी दुसरी आले.

घरी पोचले. शर्यतीचं नाव काढलं तरी तोंड फिरवणारी आई दारातच हसत उभी होती. "दुसरी आलीस ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"अण्णांनी. तुझी गाडी थांबली तसा फोन केला. दर रविवारी यायचे गं, तू क्लास घ्यायला गेलीस की. वाट्या उपड्या घालून चाकं समजवायचे. म्हणायचे, आक्का, पोरीची गाडी आडवी व्हायची न्हाय, ती जिम्मेदारी माझी."

दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन गेले आणि विचारलं, "अण्णा, आईला फोन करायचं कसं सुचलं?"

ते पाना पुसत राहिले. "घरी कुनीतरी जीव मुठीत धरून बसलेलं असतंय की. आमची ही होती तवर मी कुटंबी गेलो की पैला फोन तिला. पोचलो म्हनून. आता करायला नंबर न्हाय."

घरी येऊन आईला सांगितलं.

परवा अण्णा सामान आणायला हैदराबादला गेले. संध्याकाळी आईचा फोन वाजला. तिनं गॅस बारीक केला, हात पुसले.

"आक्का," पलीकडून आवाज आला, "पोचलो."