दोन डावे पंख

हप्ता पहिला: चाक

अमरावतीवरून विमान एकदाच गेलं, आणि नेमके त्या वेळी मोरोपंत वकील न्हाणीघरात होते. डोळ्यांत साबण, हातात तांब्या. ते बाहेर येईपर्यंत सगळ्या गावाचं विमान पाहून झालं होतं. त्यांच्या पत्नी रमाबाई तर हातातल्या लाटण्यासकट अंगणात उभ्या होत्या. पुढे कोर्टाच्या बाररूममध्ये कोणी "विमान गेलं त्या दिवशी" अशी सुरुवात केली, की मोरोपंत खाली मान घालून पान लावायला घेत.

म्हणून ती जाहिरात त्यांच्या काळजाला भिडली. मुंबईची एक कंपनी घरी जोडायचं लाकडी विमान विकत होती. एकरकमी घेतलं तर नऊ रुपये. हप्त्याने घेतलं तर दरमहा एक भाग व्ही.पी. टपालाने, दोन रुपयांप्रमाणे वर्षभर. एका खेळण्यावर एकदम नऊ रुपये उधळणारे मोरोपंत नव्हते. त्यांनी काटकसरीने चोवीस रुपयांचं घेतलं.

पहिल्या महिन्यात चाक आलं. सुपारीएवढं. घरात वाहन आलं की पूजा होते, म्हणून रमाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. मग चाक चांदीच्या तबकात घालून बैठकीत मांडलं. तिवस्याचे अशील खुशालराव पाटील बाकीच्या फीबद्दल बोलायला आले होते. त्यांनी चाक बोटाने फिरवून पाहिलं.

"उडते काय हो हे, वकीलसाहेब?"

"पूर्ण होऊ द्या."

"कंपनीनं तसं लेहून देलं काय?"

"उडेल असं दिसेल, एवढं लिहून दिलंय."

"माह्या केसचं बी तुमी असंच सांगतलं होतं," खुशालराव म्हणाले, आणि चहा बशीत ओतला.

हप्ता तिसरा: शेपूट

शेपूट आल्यावर दारावरची पाटी बदलली. "वकील" याच्याखाली "व विमानधारक" आलं. न्यायाधीशसुद्धा तारीख देताना विचारू लागले, "कुठवर आलं?" ज्या माणसाने आयुष्यभर पुढची तारीख मागून संसार केला, त्याला पुढच्या हप्त्याची वाट पाहणं जड जात नव्हतं. येत्या गुढीपाडव्याला विमान बैठकीत उभं राहील, असं मोरोपंतांनी भर कोर्टात सांगून टाकलं.

हप्ता चौथा

टपालात गहाळ. पैसे घेतले आहेत.

हप्ता सहावा: डावा पंख

हप्ता सातवा: डावा पंख

कंपनीचं उत्तर सभ्य होतं. सातव्या हप्त्यात चुकून गेलेला दुसरा डावा पंख ग्राहकाने आमच्याकडून भेट समजावा. त्याचे पैसे पोचले. उजव्या पंखाची विनंती विमान पूर्ण झाल्यावर विचारात घेतली जाईल.

पाडव्याला सहाच महिने उरले होते. एका पंखाचं विमान बैठकीत ठेवलं, तर बाररूमला पुढची दहा वर्षं विषय पुरला असता. मोरोपंतांना जेवण गोड लागेना. तेवढ्यात अकोल्याहून बातमी आली. तिथल्या हेडमास्तर चिंतामणरावांनीही तेच विमान घेतलं होतं, आणि त्यांच्याकडे दोन उजवे पंख आले होते.

चिंतामणरावांना लग्नाचा मुलगा होता. मोरोपंतांना लग्नाची कुंदा होती. पत्रिका जेमतेम जुळल्या. पंख पुरते जुळले.

"अहो, मुलगा काय करतो?" रमाबाईंनी विचारलं.

"त्याच्या वडिलांकडे दोन्ही उजवे आहेत."

कुंदा दारात उभी होती. "बाबा, माझं नक्की काय ठरलं?"

"डावा आपण न्यायचा. उजवा ते देतील."

हप्ता नववा: वाटाघाट

अमरावतीने अकोल्याच्या दारी जायचं नाही, आणि अकोल्याने अमरावतीच्या तर नाहीच. म्हणून बैठक अधल्यामधल्या मूर्तिजापूर स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये ठरली. मोरोपंतांनी डावा पंख उपरण्यातून काढून बाकावर ठेवला. चिंतामणरावांनी तो निरखला आणि आपल्या पिशवीत घातला.

"आणि उजवा?" मोरोपंतांनी विचारलं.

"पंत, आम्ही वरपक्ष. आमच्याकडे घेतात."

"पण पंखाचं ठरलं होतं."

"आम्ही काही दिलं, तर लोक म्हणतील मुलात खोट असेल, म्हणून वर पंख द्यावा लागला. तुम्हीच वकील आहात, सांगा."

यात कायद्याची चूक नव्हती. पहिली गाडी गेली, दुसरी गेली. शेवटी मोरोपंतांना तोड सुचली. वरपक्ष सुनेच्या अंगावर दागिने घालतो, त्याला कोणी देणं म्हणत नाही. उजवा पंख दागिना म्हणून कुंदाला घालावा.

"चालेल," चिंतामणराव म्हणाले. "शालूवर शोभेलसुद्धा."

हप्ता अकरावा: उजवा पंख

माघात लग्न लागलं. कुंदाच्या गळ्यात मंगळसूत्र, नाकात नथ आणि खांद्यावर उजवा पंख. बायका त्याची घडणावळ विचारत होत्या. मोरोपंतांची नजर पंखावरून हलली नाही. मंगलाष्टकं कधी संपली ते त्यांना कळलं नाही. अक्षता त्यांनी पंखावरच टाकल्या.

पाठवणीच्या वेळी त्यांनी हळूच पंखाकडे हात नेला. चिंतामणरावांनी तो हात मायेने धरला.

"दागिना सुनेचा, पंत. आणि सून आमची."

बडनेऱ्याला गाडी बदलून पंख अकोल्याला गेला. तिथे आता तीन पंख झाले. इथे मोरोपंत मांडवात बसून ढसाढसा रडले. मुलीचा बाप रडतो, त्यामुळे कोणाला त्यात वावगं दिसलं नाही. खुशालराव शेजारी टेकले.

"रडू नोका, वकीलसाहेब. पोरगी चांगल्या घरी गेली. जवायाचं नाव काय म्हंता?"

मोरोपंतांनी डोळे पुसले. तोंड उघडलं. रमाबाईंकडे पाहिलं. रमाबाईंनी भटजींकडे पाहिलं. भटजी दक्षिणा मोजत होते.

तुम्ही हसू नका. चाक सुपारीएवढं होतं, हे तुमच्या नीट लक्षात आहे. उजवा पंख मिळतो की नाही, म्हणून तुम्हीही इथवर आलात. मग खुशालरावांच्या आधी तुम्ही तरी त्या मुलाचं नाव कुठे विचारलंत?