लंगडीचा डाव

शितोळे मास्तर आमचा उजवा हात पंच्याने कमरेला बांधायचे आणि मग समोर पोह्यांची बशी ठेवायचे. वर शेव. डाव्या हाताने खाताना निम्मे पोहे अंगावर. मास्तर खूश! "आता कळलं? मग पोरांना 'जल्दी करो' म्हणायचं नाही."

संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झालं होतं आणि आम्ही व्यायामशिक्षक व्हायला निघालो होतो. वर्गात मी एकटीच बाई. मास्तरांचे वडील संस्थानच्या फौजेत हवालदार. मिशा आणि आवाज त्यांच्याकडूनच आलेले. अपंग मुलांना मैदानावर कसं आणायचं, हे मास्तर शिकवत. त्याचं पुस्तक नव्हतं, म्हणून सगळे प्रयोग आमच्यावर. एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून भर रस्त्याने कृष्णपुऱ्यापर्यंत चालवलं. आमच्यातला पाटणकर एका गाईला धडकून "माफ करना भिया" म्हणाला.

'बिचारा' या शब्दाला बंदी होती. तोंडून निघाला की मैदानाला फेरी. "दया घरी ठेवा. इथे सीटी आणा."

माझ्या परीक्षेच्या पाठाला शेजारच्या शाळेच्या मुली आल्या. त्यांत कुसुम होती. लहानपणीच्या तापात तिचा एक पाय लुळा पडला होता. काठी घेऊन चालायची. आई सोबत.

तपासनीस साहेब म्हणाले, "इसे छाँव में बैठा दो. गिर जाएगी."

आईने लगेच तिचा हात धरला. मी मास्तरांकडे पाहिलं, तर ते आभाळ न्याहाळत होते.

"आज लंगडी खेळायची," मी म्हणाले. "पळणाऱ्यानेही एकाच पायावर पळायचं. शिक्षकांनीसुद्धा!"

कुसुमने काठी आईच्या हातात दिली आणि एका पायावर उड्या मारत गडी पकडायला निघाली. घरभर ती अशीच फिरायची म्हणे. दोघी-तिघी धापा टाकत बाद झाल्या. मग कुसुम पडली. आई धावली.

"आई, मध्ये येऊ नकोस ना!" कुसुम ओरडली, उठली, आणि तिने पाटणकरला गाठलं.

साहेबही टाळ्या वाजवू लागले. मास्तर मात्र दिसेनात. शोधलं तर नळाशी तोंडावर पाणी मारत उभे.

"मास्तर, पाठ चुकला का?"

"नाही हो बाई." ते मिशा पुसत राहिले. "माझा धाकटा भाऊ, वसंत. त्याचाही पाय असाच. आम्ही खेळायचो, त्याला चपला राखायला बसवायचो. कधी कुरकुरला नाही. आता सियागंजच्या बाजारात दुकानावर बसतो. बसलेलाच आहे तो."

पुढच्या रविवारी सकाळी मी मैदानावरून जात होते. पिकल्या केसांचा एक माणूस स्टुलावर बसून चेंडू फेकत होता. चेंडू भलतीकडेच जायचा. मास्तर धावत जाऊन आणायचे, त्याच्या हातात द्यायचे आणि पुन्हा लांब जाऊन उभे राहायचे.

"दादा, धाप लागली तुला. पुरे आता."

"कुठे लागली? तू फेक रे. और एक."